थोडे दिसणाऱ्यांसाठी रंग



आयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि दिव्यांग’ असा ऐसपैस विषय दिला होता. मी त्यातला एक कोपरा मागून घेतला आणि त्यांनी तो आनंदाने दिला. संकेतस्थळावरच्या रंगांबद्दल मी आज बोलणार आहे: अक्षराचा रंग, त्यामागच्या जमिनीचा रंग, बटणाचा, चुकीच्या सूचनेचा, नकाशाचा. पडद्यावरचा मजकूर सगळ्यांना वापरता येतो का, हे तपासणे हा माझा व्यवसाय आहे. त्या कामात इतर कोणत्याही दोषापेक्षा जास्त वेळा रंगाचाच दोष सापडतो, आणि दुरुस्त करायला सगळ्यांत सोपाही तोच असतो. तरीही तो तसाच राहतो. त्याचे कारण मला एकच दिसते. ज्यांना थोडेच दिसते अशी माणसे रंग ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कधी उभीच राहत नाहीत.

आपल्या मनात दोनच माणसे असतात, एक डोळस आणि एक अंध. अंध म्हटले की पांढरी काठी आणि काळा चष्मा. कायद्याने मात्र मधला माणूस ओळखला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात अंधत्व आणि अल्पदृष्टी अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. चांगल्या डोळ्याला योग्य तो चष्मा लावूनही ज्याची दृष्टी ६/१८ च्या पुढे जात नाही, पण ३/६० च्या खालीही घसरलेली नाही, तो अल्पदृष्टी. म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून वाचता येणारे अक्षर याला सहा मीटरवरूनच वाचता येते. शिवाय दृष्टीचे क्षेत्र ४० अंशांहून कमी होऊन १० अंशांपर्यंत आक्रसले असेल, तर तोही अल्पदृष्टीच. २०११ च्या जनगणनेत देशभरात पन्नास लाखांहून अधिक लोकांनी पाहण्यातले अपंगत्व नोंदवले. त्यांतल्या पुष्कळांना काही ना काही दिसते. खिडकी दिसते, समोर माणूस उभा आहे हे कळते, मोठा मथळा वाचता येतो. त्याखालचा मजकूर वाचता येत नाही.

पूर्ण अंध माणूस संगणक वापरतो तो पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या मदतीने. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ नावाचा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. आज तो मराठीही वाचतो. त्याला अक्षराच्या रंगाशी काही देणेघेणे नाही. ‘आमचे संकेतस्थळ स्क्रीन रीडरला चालते, म्हणजे अंधांची सोय झाली’ असे मला बैठकीत सांगितले जाते, तेव्हा सांगणाऱ्याच्या मनात हा पूर्ण अंध माणूस असतो. रंग ज्याच्यासाठी महत्त्वाचा, तो थोडे दिसणारा माणूस त्या हिशेबात आलेलाच नसतो. त्याला स्क्रीन रीडर नको असतो, कारण त्याला स्वतः वाचायचे असते आणि वाचता येण्यासारखे असते. फक्त अक्षराला पुरेसा उठाव हवा असतो.

डोळ्यात नेमके काय होते, तिथे जरा थांबतो. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळट आणि गढूळ होते. आत येणारा प्रकाश विखुरतो, पांढऱ्याशुभ्र पडद्याची तिरीप येते आणि त्या तिरिपेत फिकट अक्षरे विरघळतात. निळा रंग मळकट दिसतो, गडद निळा आणि काळा वेगळे काढता येत नाहीत. काचबिंदूत कडेची दृष्टी जाते आणि त्याबरोबर जवळजवळच्या छटांमधला फरकही कळेनासा होतो. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडते तेव्हा मजकुरात मध्येच डाग पडतात. उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यबिंदू झिजतो. मग जिथे नजर रोखावी तिथेच काही नसते, आणि माणूस डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचायला शिकतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात आधी रात्रीचे दिसणे जाते, मग क्षेत्र आवळत आवळत नळीतून पाहिल्यासारखे होते. ज्यांच्या शरीरात रंगद्रव्यच कमी, अशा माणसांना उजेड सोसत नाही. पांढरा पडदा त्यांच्या डोळ्यांत अक्षरशः टोचतो.

ही सगळी माणसे एकाच ‘दृष्टिबाधित’ रकान्यात बसवली जातात. त्यांच्या गरजा मात्र कधी कधी एकमेकांच्या उलट असतात. त्याकडे पुढे येतो.

आमच्याकडे येणारी एक विद्यार्थिनी कशी वाचते ते सांगतो. तिचे क्षेत्र नळीएवढे उरले आहे. ती पडदा चौपट मोठा करते, त्यामुळे पानाचा लहानसा तुकडाच तिच्यासमोर असतो आणि बाकीचे पान चारही बाजूंना पडद्याबाहेर जाते. एका प्रवेशअर्जात तिने सगळे रकाने भरले आणि शेवटचे बटण दाबले. अर्ज पुढे जाईना. तिने पुन्हा दाबले, मग इंटरनेट तपासले, मग फोन बंद करून चालू केला. झाले होते ते असे: वर कुठेतरी पिनकोडच्या रकान्यात एक अंक कमी पडला होता. पानाने त्या रकान्याभोवती केसाएवढी लाल रेघ ओढली होती आणि त्याखाली बारीक लाल अक्षरांत एक ओळ लिहिली होती. ती रेघ तिच्या नळीबाहेर होती. मी तिच्या शेजारी बसून तो रकाना तिच्यासमोर आणला, तरी आधीच्या राखाडी रेघेच्या जागी लाल रेघ आली आहे हे तिला कळले नाही. खालची लाल ओळ तिने नाक पडद्याला टेकवून वाचली. दोष सांगायचे काम त्या पानाने एकट्या रंगावर सोपवले होते, आणि तो रंगही पुरेसा गडद नव्हता. बटणाशेजारीच काळ्या अक्षरांत ‘पिनकोड सहा अंकी हवा’ एवढे लिहिले असते, तर तिचा अर्ज पहिल्याच खेपेला गेला असता.

पुरेसा गडद म्हणजे किती, हा प्रश्न कोणाच्या आवडीनिवडीवर सोडायची गरज नाही, कारण ते मोजता येते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने संकेतस्थळांच्या सुलभतेचे पहिले निकष १९९९ मध्ये काढले आणि डिसेंबर २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत रंगांच्या फरकासाठी नेमके आकडे दिले. पुढच्या आवृत्त्या २०१८ आणि २०२३ मध्ये आल्या. ते आकडे कायम आहेत. अक्षराची उजळता आणि जमिनीची उजळता यांचे गुणोत्तर घ्यायचे, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. पांढऱ्यावर पांढरे म्हणजे १, काळ्यावर पांढरे म्हणजे २१. साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ हवे, मोठ्या अक्षरांसाठी ३, आणि वरच्या पायरीला ७. बटणाची कड, रकान्याची चौकट, चिन्हे यांनाही २०१८ पासून किमान ३ लागते.

उजळता काढताना तिन्ही रंगांना सारखे वजन मिळत नाही. पडद्यावरच्या उजेडात हिरव्याचा वाटा ७१.५ टक्के धरतात, लालचा २१ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के. माणसाचा डोळा तसाच घडलेला आहे. म्हणूनच पिवळा, जो लाल आणि हिरवा मिळून होतो, जवळपास पांढऱ्याइतका उजळ असतो. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे लिहिली तर गुणोत्तर १.०७ येते, म्हणजे न लिहिल्यासारखेच. तोच पिवळा काळ्याच्या जोडीला आला की १९.५ च्या वर जातो. आपल्या रेल्वेने स्थानकांच्या नावांसाठी पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे घेतली ती किती योग्य होती, हे धावत्या गाडीतून संध्याकाळी नाव वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. उलट काळ्यावर शुद्ध निळे लिहिले तर २.४ च मिळतात.

या हिशेबाने आपल्या रोजच्या सवयी तपासून पाहा. अर्जातल्या चुका ज्या शुद्ध लाल रंगात दाखवतात, तो पांढऱ्यावर बरोबर ४ भरतो. म्हणजे जी ओळ सगळ्यांत आधी दिसायला हवी तीच निकषाखाली राहते. लाल थोडा गडद केला की ५.९ होतात. रकान्यात ‘येथे नाव लिहा’ असे फिकट राखाडीत लिहिण्याची पद्धत आहे. त्या राखाडीची नेहमीची एक छटा २.३ भरते. आपल्याकडच्या असंख्य मराठी संकेतस्थळांवर, मग ती संस्थांची असोत, उत्सवांची असोत किंवा राजकीय असोत, भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरे असतात. लाल पूर्ण, हिरवा साठ टक्के आणि निळा वीस टक्के असा जो नेहमीचा भगवा पडद्यावर वापरतात, त्यावर पांढऱ्याला २.१ मिळतात आणि काळ्याला ९.९. भगवा बदलायला कोणी सांगत नाही. त्यावरची अक्षरे काळी करा, एवढेच. पांढरीच हवी असतील तर भगवा विटकरीपर्यंत गडद करावा लागतो, आणि ते कोणाला मानवणार नाही हे मला समजते.

पास आणि नापास यांतले अंतर किती कमी असते तेही पाहा. पांढऱ्यावर ७७७७७७ या क्रमांकाचा राखाडी ४.४८ भरतो, म्हणजे नापास. ७६७६७६ हा त्याच्या लगतचा राखाडी ४.५४ भरतो, म्हणजे पास. या दोन छटा मी शेजारी शेजारी ठेवल्या तर चांगल्या डोळ्याच्या चित्रकारालाही ओळखता येणार नाहीत. इतक्या थोडक्यात नियम पाळता येत असताना तो पाळला जात नाही. अमेरिकेतली वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची पहिली पाने यंत्राने तपासते. दरवर्षी सगळ्यांत जास्त सापडणारा दोष फिक्या अक्षरांचा असतो, आणि तो दहातल्या आठ पानांच्या आसपास असतो.

मग ४.५ हा आकडा आला कुठून? तो मला फार महत्त्वाचा वाटतो. निरोगी दृष्टीच्या माणसाला किमान ३ लागतात असे जुने आंतरराष्ट्रीय मानक होते. दृष्टी ६/१२ वर आली की कॉन्ट्रास्ट ओळखायची शक्तीही घटते. ती भरून काढायला निकषकारांनी ३ ची दीडपट केली, ती ४.५. ऐंशीच्या आसपासच्या माणसाची साधारण दृष्टी एवढी असते असे त्यांनी धरले होते. ६/२४ पर्यंतच्या दृष्टीसाठी ७ हा आकडा आला. आता आपल्या कायद्याकडे परत या. कायद्याची अल्पदृष्टी ६/१८ पासून सुरू होते. म्हणजे ४.५ पाळणाऱ्या संकेतस्थळाने फक्त आजी-आजोबांची सोय केली आहे. कायद्याने ज्याला अल्पदृष्टी म्हटले त्याच्यासाठी ७ लागतात. ६/२४ च्याही खालची दृष्टी असेल तर माणूस स्वतःची साधने वापरील असे निकषकारांनी गृहीत धरले. ते धरावेच लागते. पण सरकारी आणि बँकेच्या संकेतस्थळांवर मजकुराला ७ च हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे. काळ्याजवळची अक्षरे आणि पांढऱ्याजवळची जमीन घेतली की ७ सहज ओलांडले जातात. त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

या सूत्रात उणिवा आहेत. गडद जमिनीवर ते जरा जास्तच उदार होते, आणि त्याच्या जागी नवे सूत्र आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. शिवाय ते सगळ्यांचे डोळे एकसारखे धरते. ज्यांना लाल दिसत नाही अशा रंगांधांना लाल रंग काळपट दिसतो. काळ्यावर लाल लिहिले तर सूत्र ५.२५ गुण देऊन पास करते. त्या माणसाला मात्र तिथे काळ्यावर जवळजवळ काळेच दिसते.

रंगांधत्वाची सुरुवातीची एक शास्त्रीय नोंद जॉन डाल्टनने स्वतःच्याच डोळ्यांबद्दल १७९४ मध्ये मँचेस्टरच्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळापुढे वाचली. अणुसिद्धान्तामुळे शाळेच्या पुस्तकातून आपल्याला माहीत असलेला तोच हा डाल्टन. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा, म्हणून लाल अडत असेल, असा त्याचा तर्क होता. मृत्यूनंतर डोळे तपासावेत असे त्याने सांगून ठेवले. १८४४ मध्ये ते तपासले गेले आणि द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या अवशेषातून १९९५ मध्ये डीएनए काढला गेला, तेव्हा मधल्या तरंगलांबीचे रंगद्रव्यच त्याच्या दृष्टिपटलात नव्हते हे उघड झाले. हे दोष क्ष गुणसूत्रावरून उतरतात म्हणून पुरुषांत जास्त दिसतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारांमागे एक असे त्यांचे प्रमाण आहे, आपल्याकडे त्याहून कमी. तरीही या सभागृहात अशी काही मंडळी नक्की बसलेली असतील, आणि त्यांतल्या काहींना आपण रंगांध आहोत हे माहीतही नसेल.

२०२० चा कोरोनाच्या टाळेबंदीचा उन्हाळा आठवा. ३० एप्रिलला केंद्राने जिल्ह्यांची यादी काढली: १३० लाल, २८४ नारिंगी, ३१९ हिरवे. महाराष्ट्रात १४ लाल, १६ नारिंगी, ६ हिरवे. कुठे दुकान उघडेल, कुठे प्रवास करता येईल, हे त्या तीन रंगांवर ठरत होते, आणि सगळ्या पडद्यांवर जिल्ह्यांचे नकाशे त्याच तीन रंगांत रंगवले गेले. जे रंग एकमेकांत मिसळतात म्हणून रंगांधत्व ओळखले जाते, नेमके तेच हे रंग. शुद्ध लाल आणि मध्यम गडद हिरवा यांच्यातले गुणोत्तर १.२८ आहे, म्हणजे रंग काढून घेतला तर दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेचे उरतात. प्रत्येक जिल्ह्यावर ला, ना, हि अशी अक्षरे टाकली असती, किंवा लाल जिल्ह्यांवर तिरप्या रेघा मारल्या असत्या, तर तोच नकाशा सगळ्यांना वाचता आला असता. जपानमध्ये मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी रंगांधांनाही वेगळे ओळखता येतील असे आठ रंग निवडून दिले आहेत. शास्त्रीय नियतकालिकांतल्या आलेखांत ते सर्रास वापरतात. आपल्या वृत्तपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या चित्रकारांनी ते हाताशी ठेवावेत.

स्पर्धा परीक्षा संगणकावर देणाऱ्या मुलांना उजव्या बाजूची प्रश्नांची पाटी माहीत असते. उत्तर दिलेला प्रश्न हिरवा, न दिलेला लाल, पुन्हा पाहायचा जांभळा. त्या चौकटींचे आकारही थोडे निराळे ठेवलेले असतात. ज्याने ते निराळे ठेवले त्याने विचार केला होता. पण हा फरक इतका पुसट आहे की घड्याळ धावत असताना तो लक्षात येत नाही. याहून ठळक फरक शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांच्या खुणेत झाला. पूर्वी दोन्हीकडे चौकटीत टिंबच असायचे, एक हिरवे, एक तपकिरी. २०२० च्या नियमांनी मांसाहारी पदार्थांसाठी तपकिरी त्रिकोण आणला. पाकिटावर असो की घरपोच जेवण मागवायच्या ॲपवर, आता रंग कळला नाही तरी खूण कळते. संकेतस्थळांच्या निकषांतही हेच लिहिले आहे: रंग वापरा, पण एकट्या रंगावर अर्थ सोपवू नका.

पुण्यातल्या एका प्रकरणात याच प्रश्नावर मोठा निर्णय झाला आहे. फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी २०१५ मध्ये निवड झालेल्या एका विद्यार्थ्याला रंगांध म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रंगांधांना संस्थेच्या कोणत्याही अभ्यासक्रमातून वगळता येणार नाही, आणि रंगसंस्काराचा, म्हणजे कलर ग्रेडिंगचा, जो भाग आड येतो तो काढा किंवा ऐच्छिक करा. माणसाला बाहेर ठेवण्याऐवजी न्यायालयाने अभ्यासक्रमाची मांडणी बदलायला लावली. संकेतस्थळांच्या बाबतीतही मागणी एवढीच आहे.

कायदा आता याच बाजूला झुकला आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. सूचना म्हणजे सक्ती नव्हे, या सबबीवर पुष्कळ वर्षे निघून गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे किमान नियम सक्तीचेच हवेत असे ठरवले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात बँका आणि मोबाइल कंपन्यांच्या ई-केवायसी प्रक्रियेबाबत वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हे सगळे कागदावर चांगले आहे. निविदेत ‘कॉन्ट्रास्ट ७’ ही एक ओळ आणि बिल देण्याआधी ती तपासणारा एक माणूस, एवढे झाले तर ते कागदाबाहेर येईल.

आता त्या उलटसुलट गरजांकडे येतो. उजेड न सोसणाऱ्याला काळी जमीन आणि फिकट अक्षरे हवीत. पण डोळ्यात ॲस्टिग्मॅटिझम असलेल्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरून कडा फुटल्यासारखी दिसतात. त्यांना पांढऱ्यावर काळेच बरे. काहींना काळ्यावर पिवळे आवडते. एका रंगसंगतीने सगळ्यांचे भागत नाही, म्हणून अखेरची निवड वाचणाऱ्याच्या हातात हवी. ही सोय आज प्रत्येक फोनमध्ये आणि संगणकात आहे. गडद पडदा, वाढीव कॉन्ट्रास्ट, उलटे रंग, विंडोजमधल्या ठरावीक चार रंगसंगती, हे सगळे वाचणाऱ्याने आधीच निवडून ठेवलेले असते. संकेतस्थळाने ती निवड मानायची असते. इथेच पुष्कळ ठिकाणी घोटाळा होतो. ज्या बटणाला कड नाही, नुसता मागचा रंग आहे, ते विंडोजच्या ठरावीक रंगांत गेले की बटण राहतच नाही, मोकळी अक्षरे उरतात. सावली टाकून दाखवलेले कप्पे सपाट होतात. नोटीस चित्राच्या रूपात चढवली असेल तर तिचे अक्षर मोठे होत नाही आणि तिचा रंगही बदलत नाही. आपल्या सरकारी पानांवरची पुष्कळ माहिती अशा चित्रांत किंवा स्कॅन केलेल्या कागदांत असते, आणि हा दोष मला फिक्या अक्षरांपेक्षाही गंभीर वाटतो. वरच्या पट्टीत रंग बदलायचे बारीक बटण ठेवून तो झाकला जात नाही.

रंगकारांचा एक आक्षेप मी नेहमी ऐकतो: या आकड्यांनी सौंदर्य मरते. मी तो गांभीर्याने घेतो, कारण चांगले दिसणे ही वाचणाऱ्याचीही गरज आहे, दृष्टिबाधित वाचकाचीही. पण फिकेपणा म्हणजे नजाकत हे समीकरण अलीकडचे आहे. महागड्या पडद्यावर, वातानुकूलित खोलीत, तिशीच्या डोळ्यांना ते शोभते. तेच पान भर दुपारी एस.टी. स्टँडवर, ओरखडे पडलेल्या स्वस्त फोनवर उघडा. चांगल्या डोळ्याचा माणूसही हाताचा आडोसा करून वाचतो. निकषांनी बोधचिन्हाला सूट दिली आहे, सजावटीलाही दिली आहे. हलके रंग तिथे हवे तेवढे खेळवावेत. माणसाला जे वाचून काही करायचे आहे, पैसे भरायचे आहेत, तारीख लक्षात ठेवायची आहे, औषध किती घ्यायचे ते पाहायचे आहे, तेवढे गडद असावे.

शेवटचा मुद्दा आपल्या लिपीचा आहे आणि तो आपणच सोडवायचा आहे. मोठ्या अक्षरांना ३ चालतात, असे निकष सांगतात, आणि मोठे म्हणजे १८ पॉइंट किंवा ठळक असेल तर १४. हे आकडे रोमन लिपी समोर ठेवून आले. चिनी, जपानी आणि कोरियन लिप्यांसाठी त्याच्या तोडीचा आकार धरावा असे त्यात म्हटले आहे. देवनागरीचा उल्लेख नाही. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. या सगळ्यांना जागा सोडल्यामुळे त्याच पॉइंटात मुख्य अक्षराच्या वाट्याला उंची कमी येते. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या फटीएवढा आणि एका वळणाएवढा. अनुस्वार म्हणजे एक ठिपका. तो दिसला नाही तर पंतची पत होते. अंकांत १ आणि ९ धूसर डोळ्याला सारखेच, म्हणजे शुल्क भरायची मुदत ११ की १९ हे कळत नाही. त्यात बारीक वजनाचा फाँट घेतला, की रेघ पडद्याच्या एका बिंदूपेक्षा पातळ होते आणि पडदा तिच्या रंगात जमिनीचा रंग मिसळतो. कागदावर काढलेले ४.५ प्रत्यक्ष पडद्यावर तेवढे उरत नाहीत. ही झीज रोमनमध्येही होते. आपल्याकडे ती अनुस्वाराच्या ठिपक्याला आणि जोडाक्षराच्या अर्ध्या रेघेला आधी लागते, आणि अर्थ तिथेच असतो.

म्हणून देवनागरीसाठी मोठे अक्षर म्हणजे किती, आणि साध्या अक्षराला ४.५ पुरतात की ६ लागतात, हे मोजून ठरवावे लागेल. ६/१२ पासून ६/६० पर्यंत दृष्टी असलेले, मोतीबिंदूचे, काचबिंदूचे, मधुमेहाचे असे वेगवेगळे वाचक घ्यावे लागतील. दोन-तीन प्रचलित फाँट, चार आकार, चार कॉन्ट्रास्ट, आणि मजकुरात मुद्दाम पेरलेले अनुस्वार, भ-म, ध-घ, १-९. वाचनाचा वेग आणि चुका नोंदवायच्या. पुण्या-मुंबईत नेत्ररुग्णालये आहेत, अंधांसाठी काम करणाऱ्या जुन्या संस्था आहेत, मुद्राक्षरे घडवणारे जाणकार आहेत, विद्यापीठे आहेत. एका शैक्षणिक वर्षात होईल एवढेच हे काम आहे. मराठीसाठी निघालेले आकडे हिंदीला, नेपाळीला आणि कोकणीलाही चालतील. प्रयोगाचा कच्चा आराखडा मी लिहून आणला आहे. व्याख्यान संपल्यावर तो व्यासपीठाशेजारच्या टेबलावर ठेवतो, काळ्या मोठ्या अक्षरांत. ज्यांना या कामात यायचे आहे, विशेषतः ज्यांना स्वतःला थोडेच दिसते, त्यांनी आपले नाव त्यावर लिहावे.